'अलिव्हिएट' : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, मूळ व उपयोग

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी चार शब्द सांगावेत, अशी सूचना मला करण्यात आली, तेव्हा मनात प्रथम संकोचच उत्पन्न झाला. मी इंग्रजीचा पंडित नव्हे. माझे स्वतःचे इंग्रजी पाचव्या इयत्तेत सुरू झाले. पुढे 2000 साली आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय आला, तेव्हा माझ्यासारख्या कित्येक मराठी माध्यमाच्या शिक्षकांना शिकवता शिकवताच शिकावे लागले. तेव्हा व्याकरणाचे मोठे विवेचन करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. मी केवळ एका क्रियापदाविषयी बोलणार आहे. ते क्रियापद म्हणजे 'अलिव्हिएट'. निवड मुद्दाम केली आहे, कारण या शब्दाने एकदा माझी चांगलीच फजिती केली होती.

2011 च्या जनगणनेचे दिवस होते. माझ्या मातोश्री तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या, आणि मला गणनेच्या कामाचा आदेश आला. त्या कामातून मुक्तता मिळावी म्हणून अर्ज करावयाचा होता. इंग्रजीत लिहिले तर वजन पडेल, अशी एक समजूत आपणा खेड्यातील शिक्षकांत असते, ती माझीही होती. मी शब्दकोश काढला. 'भार हलका करणे' या अर्थाचा शब्द शोधता शोधता 'अलिव्हिएट' सापडला, आणि मी मोठ्या समाधानाने लिहिले, 'काइंडली अलिव्हिएट मी फ्रॉम धिस ड्यूटी.' कचेरीत तो अर्ज एकाने मोठ्याने वाचला, आणि दोघेतिघे हसले. एका वयस्क गृहस्थांनी मात्र तो हाती घेतला, त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली, वर 'रिलीव्ह' असे लिहिले, आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, माणूस अलिव्हिएट होत नसतो. त्याचं दुखणं होतं." अर्ज नामंजूर झाला, तो भाग निराळा. पण ते वाक्य मी विसरलो नाही, आणि आजचे बहुतेक भाषण त्या वाक्याचाच विस्तार आहे असे समजावे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. दुःख, वेदना, टंचाई, गर्दी, भीती यांसारख्या त्रासदायक गोष्टीची तीव्रता कमी करणे, ती सोसण्याजोगी करणे, म्हणजे 'अलिव्हिएट' करणे. येथे 'कमी करणे' या शब्दांवर माझा भर आहे. त्रास समूळ गेला तर ते अलिव्हिएशन नव्हे, त्याला दुसरे शब्द आहेत. डोके दुखत असता कपाळाला लेप लावला आणि ठणका उतरला, पण ज्वर तसाच राहिला, तर त्या लेपाने वेदना अलिव्हिएट केली. माझ्या मातोश्री निरक्षर होत्या. त्यांच्या गुडघ्यांना रोज रात्री शेक द्यावा लागे. शेक दिल्यावर त्या म्हणत, "दुखणं काही गेलं नाही बापा, पण हलकं वाटते." मी शब्दकोशांत पुष्कळ व्याख्या वाचल्या, पण या क्रियापदाची याहून नेमकी व्याख्या मला आढळली नाही.

आपल्या घरांतील एक वस्तू या अर्थाच्या स्पष्टीकरणास अत्यंत उपयुक्त आहे. पाण्याची घागर डोक्यावर घेणारी बाई आधी डोक्यावर चुंबळ ठेवते. चुंबळीमुळे घागरीतील पाणी थेंबभरही कमी होत नाही, उलट चुंबळीचे म्हणून थोडे वजन वाढतेच. तथापि घागरीचा भार एका बिंदूवर न पडता विस्तृत जागेवर पसरतो, दाब कमी होतो, आणि टाळूला होणारी पीडा हलकी होते. चुंबळीने घागर अलिव्हिएट होत नाही आणि बाईही होत नाही, पीडा मात्र होते. वर्गात हा शब्द शिकवावयाचा असेल तर फळ्यावर व्याख्या लिहिण्यापूर्वी एक चुंबळ व एक तांब्या घेऊन जावे. सातवीतील मुलांपुढे मी हा प्रयोग केला आहे.

आता शब्दाचे मूळ. याचे स्पेलिंग मुलांना अवघड वाटते. ए, मग दोन एल, ई, व्ही, आय, ए, टी, ई. दोन एल कशासाठी, असे मुले विचारतात, आणि आपण 'तसेच आहे, पाठ करा' असे सांगून मोकळे होतो. वस्तुतः त्याचे कारण आपल्याला व्याकरणातच शिकविलेले आहे. लॅटिन भाषेत 'अड्' हा उपसर्ग आहे आणि 'लेविस' म्हणजे हलका. 'अड्' पुढे 'ल' आला की ड् चा ल् होतो, आणि 'अल्लेविआरे' असे क्रियापद सिद्ध होते. आपल्याकडे तत् + लीन याचे तल्लीन होते, उत् + लेख याचा उल्लेख होतो, उत् + लंघन याचे उल्लंघन होते. तोच हा संधी! रोमच्या लोकांची जीभ आणि आपली जीभ एकाच ठिकाणी वळली. हे एकदा सांगितले की दुसरा एल कोणी विसरत नाही. पंधराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला. त्याचा उच्चार करताना आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे 'ली' वर द्यावा. पुष्कळजण पहिल्या 'अ' वर जोर देतात, तो योग्य नाही.

पण खरी मौज पुढेच आहे. लॅटिन 'लेविस' आणि संस्कृत 'लघु' हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. 1786 साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले, त्यानंतर भाषाशास्त्राने जी नाती सिद्ध केली, त्यांतील हे एक. इंग्रजीतील हलका या अर्थाचा 'लाइट' हाही त्याच कुळातला. त्याच्या स्पेलिंगमध्ये जो मूक जी-एच मुलांना छळतो, तो लघुतील 'घ' चाच झिजलेला अवशेष होय. फुप्फुसाला इंग्रजीत 'लंग' म्हणतात, तोही याच धातूपासून आला, कारण शरीराच्या अवयवांत ते हलके.

आणि आपला 'हलका' हा शब्द कोठून आला? तोही लघूपासूनच. प्राकृतात 'लघुक' याची 'लहुअ' आणि वर्णविपर्ययाने 'हलुअ' अशी दोन्ही रूपे होतात, हे हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात नोंदविले आहे. आपला 'हळू' हाही तेथलाच. म्हणजे माझ्या मातोश्री 'हलकं वाटते' म्हणत, तेव्हा त्या 'अलिव्हिएट' या शब्दाच्या सख्ख्या चुलतबहिणीचाच उच्चार करीत होत्या.

लंघन हा शब्दही याच घरातला. ताप आला की आपल्याकडील वडीलधारी माणसे लंघन करावयास सांगत. लंघन म्हणजे केवळ उपास, अशी आपली समजूत असते, परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लंघन व बृंहण यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि तेथे शरीरास लाघव आणणाऱ्या प्रत्येक उपायाला लंघन ही संज्ञा आहे.

हलक्याच्या उलट भारी. त्याचीही हकीकत अशीच आहे. इंग्रजी 'बर्डन', म्हणजे ओझे, हा शब्द वाहून नेणे या अर्थाच्या 'बेअर' या क्रियापदापासून आला, आणि तो आपल्या 'भृ' धातूचा भाऊ. भ्रात्याचा ब्रदर झाला, त्याच नियमाने भाराच्या घराण्यात बर्डन झाला. आपल्या जिल्ह्यात धानाच्या कडपा गोळा करून त्यांचे भारे बांधतात, भारे डोक्यावरून खळ्यावर आणून पुंजणे रचतात. तो भारा आणि इंग्रजांचे बर्डन हे एकाच मुळाचे. धानाच्याही आपण दोन जाती मानतो, लवकर हाती येणारे ते हलके धान आणि उशिरा येणारे ते भारी धान. लघु-गुरूचा हा भेद आपल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात नित्य आहे.

लघूच्या जोडीला गुरु हा शब्द मी आताच वापरला. कविता शिकविताना आपण मात्रा मोजतो, लघूची एक, गुरूच्या दोन. येथे गुरु म्हणजे जड. लॅटिनमध्ये याचे भावंड आहे 'ग्राविस'. त्यापासून 'ग्रॅव्हिटी' आली, जिला आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. ज्याने हे भाषांतर केले, त्याने नकळत भावाला भावाचेच नाव दिले. दुःख या अर्थाचा 'ग्रीफ' याच 'ग्राविस' पासून आला, कारण दुःख म्हणजे मनावरचे जडपण. आणि 'अॅग्रव्हेट' म्हणजे अधिक जड करणे, त्रास वाढविणे. हा 'अलिव्हिएट' चा नेमका विरुद्धार्थी शब्द होय. घडणही तीच, 'अड्' अधिक 'ग्राविस', आणि तसाच संधी. हे दोन शब्द नेहमी जोडीने शिकवावेत. लोक आपणांस गुरुजी म्हणतात, म्हणजे शब्दशः 'जड' म्हणतात, एवढा विनोद येथे करून पुढे जातो.

आता उपयोगाकडे वळतो. माझा जुना अर्ज आठवावा. 'अलिव्हिएट' चे कर्म नेहमी त्रास असतो, त्रासलेला माणूस नव्हे. 'टु अलिव्हिएट पेन' हे शुद्ध, 'टु अलिव्हिएट द पेशंट' हे अशुद्ध. एके काळी वजन हलके करणे असा अगदी शब्दशः अर्थही इंग्रजीत होता, परंतु तो आता लुप्त झाला. त्यामुळे धानाचे पोते निम्मे रिकामे केले तर ते अलिव्हिएट केले असे म्हणता येणार नाही, तेथे साधा 'लाइटन' वापरावा.

'रिलीव्ह' चे तसे नाही. तो त्रासालाही चालतो आणि माणसालाही. हा शब्द तर जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या रक्तात भिनलेला आहे. बदलीचा आदेश निघाला की पहिला प्रश्न, 'रिलीव्ह केव्हा करणार?' आपल्या कागदोपत्री त्याला 'कार्यमुक्त' असा फार चांगला प्रतिशब्द रूढ आहे. परीक्षेच्या केंद्रावर पर्यवेक्षकाला घटकाभर मोकळे करणारा तो 'रिलीव्हर'. यातही मूळ तेच आहे, 'लेविस' पासून 'लेवारे', म्हणजे हलके करणे व त्यावरून उचलणे. उचलण्याचा अर्थ धरून 'लेव्हर' आला, ज्याला आपण तरफ म्हणतो. भूगोलातील उठावाच्या नकाशाला 'रिलीफ मॅप' म्हणतात, त्याचे कारणही हेच. आणि 'लेव्ही'? कर उचलणे, ती लेव्ही. धान व तांदळावरील लेव्ही काय असते, हे आपल्या भागातील जुन्या शेतकऱ्यांना व गिरणीमालकांना सांगावयास नको. हलके करण्याच्या धातूपासून भार घालणारा शब्द निघावा, ही भाषेची थट्टाच म्हणावयाची!

'रिलीफ' ह्या नामाची आपल्या प्रदेशाशी जुनी ओळख आहे. भंडारा जिल्हा मध्य प्रांतात असताना 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ प्रांताने पाहिले. त्या वेळी भुकेल्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने जी कामे काढली, त्यांना 'रिलीफ वर्क' म्हणत. स्वातंत्र्यानंतर 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात अशाच कामांचा मोठा विस्तार झाला, आणि 1977 च्या कायद्याने रोजगार हमीला हक्काचे रूप आले. आता विचार करा, या कामांनी पाऊस पाडला काय? नाही. शेत पिकविले काय? नाही. त्यांनी माणसाची भूक सुसह्य केली, त्याला पुढचा मृग पाहू दिला. हेच अलिव्हिएशन. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा वाटलेल्या अन्नाने पुराचे पाणी ओसरले नाही, तरी ते अन्न व्यर्थ होते असे कोण म्हणेल?

मुद्दाम हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या सरकारी मराठीत या शब्दाचे भाषांतर मला बरोबर वाटत नाही. इंग्रजीत 'पॉव्हर्टी अलिव्हिएशन' असे जेथे लिहिलेले असते, तेथे आपण बहुधा सरसकट 'दारिद्र्य निर्मूलन' असे लिहितो. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे. त्याला इंग्रजीत 'इरॅडिकेट' हा वेगळा शब्द आहे, आणि त्याच्याही पोटात मूळ या अर्थाचा लॅटिन 'राडिक्स' बसलेला आहे. देवी या रोगाचे निर्मूलन झाले, 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. तेथे हा शब्द शोभतो. गरिबाला एक शेळी दिली, चार महिने मजुरी दिली, याला निर्मूलन म्हणणे म्हणजे दिल्यापेक्षा अधिक दिल्याचा पुकारा करणे होय. दिल्लीत 2017 पर्यंत शहरी दारिद्र्यासाठी एक मंत्रालय होते. त्याच्या हिंदी नावात भाषांतरकारांनी 'उपशमन' हा शब्द योजला होता, आणि तो मला प्रामाणिक वाटतो. मराठीत 'दारिद्र्य निवारण' म्हणतात, पण निवारण म्हणजेही दूर सारणेच. माझ्या मते 'उपशमन' चालावे, किंवा सरळ 'दारिद्र्याचा भार हलका करणे' असे लिहावे. चार अक्षरे अधिक गेली तरी हरकत नाही.

अशा भेदांनी काय साधते, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. आपल्याच सेवेतील एक उदाहरण देतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली, मात्र दशवार्षिक जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. या कलमाने आपला भार नाहीसा केला, असे समजणारा शिक्षक पहिल्याच आदेशाला निराश होतो. त्याने भार हलका केला, नाहीसा केला नाही. हे शब्द ज्याला नीट कळतात, त्याला आपला हक्क कोठपर्यंत आहे हेही नीट कळते, आणि तो मर्यादेबाहेरच्या कामाला ठामपणे नकार देऊ शकतो. 2011 साली मला हे कळत नव्हते.

आता मुलांच्या ओझ्याकडे येतो. कादंबरीकार आर. के. नारायण हे राज्यसभेचे नामनियुक्त सभासद होते. 1989 साली ते सभागृहात बोलले, ते शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तराविषयी. पुढे 1992 मध्ये केंद्र सरकारने प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, तिचा अहवाल जुलै 1993 मध्ये आला. नावच होते 'ओझ्याविना शिक्षण' अशा अर्थाचे. आपल्या राज्य शासनानेही 2015 साली दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा आदेश काढला. आपण काटा आणला, दप्तरे तोलली, तक्ते भरले. परंतु यशपाल समितीने दप्तराच्या वजनाहून अधिक घातक असे दुसरे एक ओझे दाखविले होते. ते म्हणजे न समजल्याचे ओझे. ते काट्यावर चढत नाही, म्हणून त्याचा तक्ताही मागविला जात नाही.

ते कसे असते, हे मला एका विद्यार्थिनीने दाखविले. इंग्रजीच्या उताऱ्यात बैलाचे ओझे हलके करण्याविषयी एक वाक्य होते, त्यात 'लाइटन' हे क्रियापद आले होते. मुलीने अर्थ लिहिला, 'बैलाच्या ओझ्यावर दिवा लावला.' वर्ग हसला, आणि सांगावयास लाज वाटते, मीही हसलो. मुलीने त्यानंतर महिनाभर इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. तिचे चुकले तरी काय होते? तिला एकच 'लाइट' ठाऊक होता, जो घरी संध्याकाळी जातो तो! उजेडाचा 'लाइट' निराळ्या धातूचा, आपल्या 'रुच्' चा नातलग, आणि हलक्याचा 'लाइट' लघूचा नातलग. केवळ रूप एक झाले आहे. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते, म्हणून मी हसलो. ठाऊक असते तर तिच्या उत्तरावरच अर्धा तास बोललो असतो. कचेरीत माझ्या अर्जाला हसणारे आणि वर्गात तिला हसणारा मी, यांत फारसा फरक नव्हता, हे मला घरी जाताना वाटेत उमगले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन 'लाइट' शेजारी शेजारी लिहिले. एकाखाली दिवा काढला, दुसऱ्याखाली कापसाचे बोंड. ती मुलगी बोलली नाही, पण तिने वहीत दोन्ही चित्रे काढली. बोलावयास तिला आणखी तीन आठवडे लागले.

एका बंधूंनी चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, इतका कठीण शब्द प्राथमिक शाळेत शिकवावाच कशासाठी. चौथीपर्यंत शिकवू नये, असेच माझे मत आहे. तेथे 'लाइट' आणि 'हेवी' पुरेत, आणि तेही वस्तू हाती देऊन. पाचवी-सहावीत 'लाइटन' घ्यावा. 'अलिव्हिएट' सातवी-आठवीत, तोही 'अॅग्रव्हेट' च्या जोडीने आणि तल्लीन-उल्लेखाच्या संधीबरोबर घ्यावा. ज्या दिवशी मराठीच्या तासाला संधी असेल, त्याच दिवशी घेतल्यास उत्तम. वाक्ये मुलांच्या अनुभवातली द्यावीत. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून आईची कंबर धरते, ती रात्री कोणी चोळून दिली तर काय होते, हे इंग्रजीत सांगा, असे म्हणावे. पहिले वाक्य चुकेल. कोणी 'आय अलिव्हिएट माय मदर' असेच लिहील. तेव्हा 'मदर' च्या पुढे 'ज बॅक-पेन' एवढे हळूच जोडून द्यावे, तांबडी पेन्सिल न वापरता.

आणखी दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या 'मिटिगेट' या शब्दाविषयी आहेत. त्याची उत्तरे भोजनानंतरच्या सत्रात देतो.